वैजयंती मॅडम आणि परत न येणारे डबे

आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही! एका कंपनीने मॅडमना ठाण्याच्या ऑफिसात खुर्ची देऊ केली, कॉलेजने सत्कार ठरवला, माजी विद्यार्थ्यांनी हे पुस्तक काढलं, आणि मला निरोप आला तो शेवटच्या आठवड्यात. "काकू, छोटासाच लेख द्या." वैजयंती मॅडम साठ वर्षांच्या झाल्या, निवृत्त होताहेत, आणि आता म्हणे कंपनीच्या स्पर्धेसाठी कॉलेजा-कॉलेजांतल्या मुलांच्या नव्या कल्पना तपासणार. मग जुन्या कल्पनेचं काय? तिचे स्टीलचे डबे माझ्या दुकानाच्या माळ्यावर पडलेत, ते कोण बघणार?

माझं कोपरला पोळीभाजी केंद्र आहे. शाळा सहावीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका कुणी काढू नयेत. मॅडमची ओळख झाली ती भांडणातून. ह्याच कंपनीने पर्यावरण राखणाऱ्या धंद्यांची स्पर्धा लावली होती, म्हणून मॅडमची कॉलेजातली मुलं माझ्याकडे आली. त्यांची पुढारी रुचा. म्हणाली, "काकू, भाजी पिशवीत नको, स्टीलच्या डब्यात देऊ. गिऱ्हाईक डबा परत आणेल."

"आणि नाही आणला तर? तू फिरशील दारोदार?"

मुलं तोंड पाडून गेली. दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः आल्या. मला वाटलं, आता मला बोलणं शिकवणार. तर म्हणाल्या, "मंगलताई, तुमचं बरोबर असणार. पण डबे परत येतात का, ते एकदा बघू या का?" एवढं शिकलेल्या बाईने "तुमचं बरोबर असणार" म्हटल्यावर मी नाही कशी म्हणणार?

कंपनीने डबे दिले, ते गेले आणि गेलेच. मुलांनी गिऱ्हाइकांकडून फॉर्म भरून घेतले. सगळ्यांनी लिहिलं, योजना छान आहे. डबा मात्र कुणी आणेना. मॅडम मुलांना म्हणाल्या, "फॉर्म ठेवा बाजूला. मंगलताई विचारतील." मी समोरच्या सबनीसकाकूंना सरळ विचारलं, "काकू, डबा गिळलात का?"

"अगं, रिकामा कसा देऊ? काही गोड केलं की त्यातून पाठवीन म्हणते. पण ह्यांना मधुमेह, गोड होतंच कुठे!"

मॅडमना सांगितलं तर पिठाच्या डब्यावर बसून हसल्या. मग स्वतःच्या अक्षरात पाटी लिहून दिली : "डबा रिकामाच आणावा. आम्हाला राग येणार नाही." आठवड्यात डबे यायला लागले.

ठाण्याला शेवटची फेरी झाली. मी मागच्या रांगेत. परीक्षकांनी विचारलं, डबे कशामुळे परत यायला लागले? रुचा म्हणाली, "आमच्या कन्झ्युमर स्टडीमुळे." मॅडम पहिल्या रांगेतून उठल्या. "रुचा, कुणाच्या ते नीट सांग." पोरगी लाल झाली. "त्या मागे बसल्यात, त्या काकूंच्या." सगळा हॉल मागे वळला. टाळ्या मला मिळाल्या, तरी मी जळलेच. तेवढ्यासाठी मी दहा मिनिटं भांडले असते. मॅडमनी चार शब्दांत केलं आणि रुचाला रडूही आलं नाही.

मॅडमचा मोठेपणा मी काय सांगू? माझी भांडीवाली बाई आजारी पडली तेव्हा मॅडम रविवारी पदर खोचून डबे घासायला बसल्या. मी ओरडले, "मॅडम, कडा राहिल्या!" त्यांनी निमूट परत घासले. त्या दिवशी मला त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांचा हेवा वाटला. त्या पोरांना तीन-तीन वर्षं अशी बाई मिळते आणि ती मागच्या बाकावर मोबाइल बघतात. मला सहावीत मिळाली असती तर मी सातवीत गेले असते.

पुढे मुलं जिंकली, पास झाली, रुचा बंगळुरूला गेली आणि डबे माळ्यावर गेले. माझं एकटीचं केंद्र डब्यात देणार आणि शेजारची तीन पिशवीत, तर डबा सांभाळायचा ताप कुठलं गिऱ्हाईक घेईल? चारही केंद्रांनी एकच डबा धरला तर जमेल. पण त्या बायका माझं ऐकत नाहीत. मी फटकळ. मॅडमचं ऐकतात, त्यांना चहा पाजतात. मला कधी पाण्याचं विचारलं नाही.

मॅडमना भरपूर आयुष्य मिळो. गुडघे धड राहोत, नजर साफ राहो, आणि शंभरीतही कुणाला तरी "नीट सांग" म्हणायची ताकद राहो. हे मनापासून लिहिते. आता राहिलेलं मॅडमनाच सांगते.

मॅडम, नव्या कल्पना शोधायला कंपनीला पुष्कळ माणसं मिळतील. ही एक चालवायला मला तुम्हीच हव्यात. भंगारवाला डबे मागून गेलाय, त्याला मी गुरुवारी ये म्हटलंय. हे पुस्तक सत्काराला, रविवारी, तुमच्या हातात पडेल. ठाण्याची खुर्ची की कोपरचं स्टूल, ते बुधवारी दुपारी बारापर्यंत सांगा. फोनवर नको. नाही म्हणायचं असलं तरी येऊन, माझ्या तोंडावर सांगा.