सुनेची तिसरी टेस्ट आणि पांढरे पट्टे

विमानतळावर पोहोचेपर्यंत मी जाणार नाही असंच म्हणत होतो. सातवी शिकलेला माणूस, इंग्रजी येत नाही, वाटेत काही झालं तर सांगणार कोणाला? पण मुलगा दुबईत, नातीला जन्मल्यापासून पाहिलं नव्हतं, म्हणून चिपळूणहून निघालो. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. तुम्ही जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा. तेव्हा दुपारीही चालता येतं.

मुलाचं, संदीपचं, घर करामा भागात. खाली मसाल्याचं दुकान, शेजारी इडली मिळणारं हॉटेल. काळजीसारखं काही नव्हतं, तरी मला सापडलीच. सून माधुरी गाडी शिकत होती. जेबेल अलीकडच्या एका शाळेने तिला नोकरी देऊ केली होती, पण तिकडे जायला बस नव्हती. महिनाअखेर लायसन्स मिळालं नाही तर जागा दुसरीला जाणार.

आमच्याकडे मैदानात आठचा आकडा काढला की झालं. तिथे आधी डोळे तपासतात, मग वर्गात बसवून खुणा शिकवतात, मग चढ, पार्किंग, मग रस्ता. ठरलेले तास भरल्याशिवाय टेस्टला बसू देत नाहीत. नापास झालं की पुन्हा तास सक्तीचे. तासाला पन्नास दिरहम, म्हणजे साडेसहाशे रुपये. माधुरी दोनदा नापास झालेली.

तिसऱ्या टेस्टला मीही गेलो. अल कूझला ड्रायव्हिंग स्कूल, बाहेर कॅफेटेरिया. परीक्षा घेणाऱ्या पोलीस खात्याच्या बाई पुढे, अजून दोघी परीक्षार्थी मागे आणि स्टिअरिंगवर माधुरी. गाडी गेटबाहेर पडली. संदीप म्हणाला, "आप्पा, इथेच बसा." पण मला बसवेना. तो चहा आणायला गेला, तसा मी रस्त्यावर येऊन पांढऱ्या पट्ट्यांपाशी उभा राहिलो. पलीकडे जायचं नव्हतं, फक्त गाडी बघायची होती.

वळसा घालून ती आली आणि माझ्यासमोर थांबली. मला वाटलं, इंजिन बंद पडलं. मी हात केला, जा जा. आपल्याकडे गाडी आली की पायी माणूसच थांबतो. माधुरी हलली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. शेजारच्या लेनमध्ये भलामोठा ट्रेलर थांबला, मागे रांग लागली, आणि हॉर्न एकाचाही नाही. मी पुन्हा हात केला. वाटलं, आता ही माझ्यामुळे नापास होणार.

मागून एक पठाण कामगार म्हणाला, "चाचा, यल्ला, जाओ ना. सब तुम्हारे लिए रुका है."

काही काम नसताना मी पलीकडे गेलो. एवढ्या गाड्या, आणि त्यांच्यासमोरून चपला ओढत मी एकटा. छाती धडधडत होती, पण भीतीने नव्हे. परत यायचं तर तोच रस्ता. पुन्हा सगळे थांबले.

माधुरी बाहेर आली ती हसत. पास. मी म्हटलं, "मी हात करत होतो, तू ऐकेनास."

"मॅडम म्हणाल्या, तो म्हातारा दोनदा जा म्हणाला तरी तू थांबलीस, हे बरं केलंस. त्यांना काय माहीत आप्पा, घरी मी तुमचा शब्द मोडत नाही."

निघताना विमानतळावर तिनेच सोडलं. मोठ्या रस्त्यावर सगळं भरधाव, आणि मी पुढच्या सीटवर.

गावात लोक उंच इमारतींचं विचारतात. मी ट्रेलर थांबल्याचं सांगतो, त्यांना पटत नाही. घरी आल्यावर आमची ही म्हणाली, "सून गाडी चालवत होती, म्हणजे तुम्ही वाटभर रामरक्षा म्हणत बसला असाल."

म्हणणार होतो. पण तिचं चालवणं बघत बसलो आणि राहूनच गेली.