बापाचं हसणं लेकीच्या तोंडी

मी हसलो की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागतं. आवाज आधी घशात गुरगुरतो, मग एकदम फुटतो, आणि शेवटी श्वास आत ओढताना शिट्टीसारखं काहीतरी वाजतं. मैसूरच्या आमच्या मराठी समाजात मी नाव कमावलंय ते या हसण्यावर. शिवणकामात मी बेताचाच. एका नवरीच्या ब्लाउजला मी दोन्ही बाह्या डाव्या जोडल्या होत्या आणि वर तिलाच पटवत बसलो होतो, की अम्मा, तुम्ही हात नीट सोडत नाही म्हणून बाही फिरते. हा किस्सा मी लग्नात सांगतो, बारशात सांगतो, विठ्ठल मंदिरातल्या भजनानंतर पानावर बसल्याबसल्या सांगतो. लोक हसतात आणि मी त्यांच्याहून मोठ्याने हसतो. त्याबद्दल समाजाने मला शाल आणि नारळसुद्धा दिलाय.

माझ्या मुलीला माझं नाक मिळालं नाही, ही देवाची कृपा. हसणं मात्र जसंच्या तसं मिळालं, शिट्टीसकट. आणि त्यापायी कृष्णराजनगरच्या मंडळींनी तिला नकार दिला.

कापडदुकानवाली, आमच्यातलीच, भली माणसं. पाहायला आली, केसरीबात झाला, कॉफी झाली. कुणी काही बोलेना. शांतता मला सोसत नाही, म्हणून मी बाह्यांचा किस्सा काढला. तो मुलीने लहानपणापासून शंभरदा ऐकलाय, तरी ती हसली. अशी हसली की मुलाच्या आजोबांच्या हातातली कॉफी बशीत सांडली. आजोबाही हसले. मला वाटलं, जमलं!

दोन दिवसांनी माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आक्काला, त्यांचा फोन आला. मुलगी चांगली आहे, शिकलेली आहे, फिजिओथेरपिस्ट आहे म्हणजे सासूचे गुडघेही बघेल. पण हसते फार मोठ्याने.

“तुझ्यामुळे झालं हे,” आक्का म्हणाली. “सुम्ने, उगीचच्या उगीच, कशाला तोंड उघडलंस?”

“अगं, मीही तसाच हसतो की. मला कुणी नाकारलं?”

“अय्यो, तुझं निराळं. तू पुरुषमाणूस. तुझ्या हसण्याने घर भरलेलं वाटतं.”

“आणि तिच्या?”

“तिच्या हसण्याने घरात कुणाचं चालतं ते कळतं.”

आक्काला मूर्ख म्हणायची माझी हिंमत नाही, कारण ती मूर्ख नाही. ती खरं बोलली होती, आणि त्याचाच मला जास्त राग आला. माझ्या घशातून हा आवाज निघाला की तो दिलखुलासपणा, आणि तोच आवाज माझ्या पोरीच्या घशातून निघाला की वळण नाही! पण रागावून मी काय केलं? काही नाही. घरात विनोद बंद, असा हुकूम आक्काने सोडला आणि अख्ख्या समाजाला हसवणारा हा बहाद्दर कोपऱ्यात बसून काजं करत राहिला.

आक्का रोज संध्याकाळी येऊन भाचीला हसायला शिकवायची. चेष्टा नाही करत. ओठ मिटून आधी नाकातून हसायचं, फारच आलं तर मान खाली घालून बोटं ओठांवर धरायची. “डोळ्यांनी हस गं राणी, डोळ्यांनी,” आक्का म्हणायची. मुलगी आधी थट्टा करायची, “आत्त्या, शिट्टी डोळ्यांतून कशी वाजवू?” मग थट्टा थांबली. लग्न तिलाही करायचं होतं, आणि फक्त हसण्यामुळे राहिली असं कुणी म्हणायला नको होतं.

मग हिनकलची मंडळी आली. महाराष्ट्रातून नोकरीसाठी इकडे आलेली, स्वच्छ पुस्तकी मराठी बोलणारी. त्यांच्यापुढे आमच्या कानडीमिश्रित मराठीची मलाच लाज वाटायला लागली.

“आम्ही फार मोकळे आहोत हं,” मुलाची आई म्हणाली. “आमच्या काहीच अपेक्षा नाहीत. मुलगी शिकलेली हवी, नोकरी करणारी हवी, तिला स्वतःची मतं हवीत. फक्त जरा नाजूक असावी. म्हणजे वागण्याबोलण्यात, हो.”

मुलगा काहीतरी फुसका विनोद करून मोकळा झाला. माझ्या मुलीने मान खाली घातली, बोटं ओठांवर नेली आणि नाकातून एवढंसं हसली. मांजर शिंकावं तसं.

“अगदी गोड हसते,” त्या बाई म्हणाल्या.

माझ्या डोक्यात तिडीक उठली. गोड? हे हसणं आमच्या घरातलं नाहीच! मी सरळ बाह्यांचा किस्सा सुरू केला. आक्का डोळे वटारत होती, बायको कॉफी हवी का विचारत होती, मी थांबलो नाही. दोन्ही हात डावीकडे वाकवून नवरी कशी चालली तेही उठून करून दाखवलं. आज पोरगी फुटलीच पाहिजे, असं मी ठरवलं होतं. पाहुणे पोट धरून हसले. “काका, तुम्ही कमाल आहात!” मुलगा म्हणाला.

ती हसली नाही. बोटं ओठांवर, नजर माझ्यावर. मग उठून आत गेली. मी मागोमाग गेलो.

“अप्पा, पुरे करा,” ती दबक्या आवाजात म्हणाली. एवढी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. “आत्त्या सांगते हसू नको, तुम्ही सांगता आत्ताच्या आत्ता हस. ते दात माझे आहेत की तुमच्या दोघांचे?”

मी दारातून बाजूला झालो.

ती बाहेर गेली आणि त्या बाईंसमोर उभी राहून म्हणाली, “काकू, मघाचं हसणं मला शिकवलेलं होतं. मी मोठ्याने हसते. फार मोठ्याने. तुम्हाला चालणार असेल तर सांगा.”

मोकळी माणसं एकमेकांकडे बघत राहिली. “कळवतो,” असं म्हणून गेली आणि त्यांनी कळवलं नाही. आक्का आता तिसऱ्या स्थळाचं बोलते. मी म्हणतो, तिला विचार, मला नको. आक्का म्हणते, तुझं डोकं फिरलंय. फिरलंय खरंच.

परवा मुलगी एकटी जेवत बसली होती, समोर मोबाइल. काहीतरी गमतीचं लागलं असावं. खोलीत तिला बघणारं कुणी नव्हतं, मी दाराबाहेर होतो. तिला हसू आलं, घास ताटात पडला आणि तिचा डावा हात आपोआप वर गेला, बोटं ओठांवर टेकली. तिला ते कळलंसुद्धा नाही.