आईची अस्सल वेलची

आमच्या आईच्या मते जगात दोनच प्रकार आहेत, अस्सल आणि हायब्रीड. मिळमिळीत टोमॅटो हायब्रीड, उलट बोलणारी पोरं हायब्रीड. धाकट्या काकानं पेठच्या डोंगरातल्या, दुसऱ्या समाजातल्या मुलीशी आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हाही तिनं हाच शब्द वापरला होता. अस्सलमध्ये फार थोड्या गोष्टी येत, आणि त्यांत पहिला मान सातपूरच्या आमच्या घरामागच्या वेलची केळीचा.

ही केळ तिनं लग्नानंतर सायखेड्याहून, माहेरच्या मळ्यातून आणली होती. पुढे मामांनी मळा विकला, घर पाडून तिथे गाळे झाले. माहेरचं म्हणून तिच्याजवळ एवढं एकच जिवंत उरलं. बुंध्याशी फुटणारे कोंब, म्हणजे मुनवे, ती गल्लीत सगळ्यांना वाटायची आणि देताना माहेरचं कौतुक अर्धा तास ऐकवायची. काकूला मात्र तिनं मुनवा दिला नव्हता. काकूनं तो चोरला.

ही चोरी मी इतक्यांदा ऐकली आहे की ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटते. घरात सत्यनारायण, सगळे आरतीला उभे, आणि काकू परसात आमच्याच उलथन्यानं मुनवा उकरते आहे. मग तो वर्तमानपत्रात गुंडाळून देवळाली कॅम्पला रवाना. आईनं हे खिडकीतून पाहिलं. त्या वेळी ती एक शब्द बोलली नाही, आणि नंतर वीस वर्षं थांबली नाही. मीही चार पाहुणे जमले की हा किस्सा रंगवून सांगायचे, उलथन्यासकट.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. घरात त्याचा उपयोग शून्य. एकदा मी आईला सांगितलं की तुझ्या अस्सल वेलचीचे आईबाप दोन वेगळ्या घरचे आहेत. एक रानकेळ पार पूर्वेकडची, गोडीची. दुसरी आपल्या बाजूची, काटक. दोघींच्याही फळांत दाताखाली कडकड वाजतील अशा काळ्या बिया. त्यांचा कधीतरी संकर झाला, त्यातून कुणाला तरी बिनबियांचं फळ सापडलं आणि लोकांनी मुनवे लावून लावून ते जपलं. वेलचीत अर्धा वाटा हिचा, अर्धा तिचा. इतर कितीतरी केळींची हीच गोष्ट, कुठे हिचे दोन वाटे आणि तिचा एक, कुठे उलट.

"म्हणजे हायब्रीडच," मी म्हटलं.

"तुझं पुस्तक हायब्रीड," आई म्हणाली आणि शिकरणासाठी केळं सोलायला घेतलं.

गेल्या वर्षी या केळीची खालची पानं पिवळी पडून लोंबायला लागली. मी एक खांब आडवा कापून पाहिला, तर आत तपकिरी कडं. मर रोग होता. बी नसलेल्या झाडाचं हेच दुखणं आहे. मुनवे कितीही फुटले तरी ती एकच केळ, एकीला जे बाधतं ते सगळ्यांना बाधतं. महिनाभरात सगळं बेट बसलं. गल्लीत वाटलेल्या केळी लोकांनी गाड्या लावायला कधीच तोडून टाकल्या होत्या. आई परसाकडची खिडकी उघडेना. "माझं माहेर गेलं," असं ती एकदाच म्हणाली, आणि मला तिची चेष्टा करवेना.

"एक उरली आहे," मी म्हटलं. "काकूकडे."

"ती आपली नव्हंच. तिच्याकडं जाऊन चव बदलली असंल."

"तू खाल्लंयस का तिच्याकडचं केळं?"

"खायला कशाला पायजे?"

पंधरा दिवसांनी आईला अचानक काकूच्या गुडघ्याची काळजी वाटू लागली. आम्ही देवळाली कॅम्पची बस धरली. तिच्या मांडीवरची पिशवी जड दिसली म्हणून मी आत हात घातला, तर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं खुरपं.

"चोरून आणलेलं लय जोमानं धरतं," खिडकीबाहेर बघत आई म्हणाली.

काकू चहा ठेवायला आत वळली आणि आई परसात गेली. मी दारात पहाऱ्याला उभी राहिले. उद्या कुठल्या तोंडानं वर्गात शिस्तीवर बोलणार होते कोण जाणे. पण केळीचं बेट पाहून मी पहारा विसरले. वाळकी पानं वेळच्या वेळी काढलेली, आळं नीट केलेलं, घडाला बांबूचा टेकू. आमच्या परसात केळीचे इतके लाड कधी झाले नव्हते. तेवढ्यात काकू चहाचे कप घेऊन आली. मी खोकले, पण उशीर झाला होता.

आई उकिडवी बसून खुरप्यानं माती ओढत होती. काकू क्षणभर बघत राहिली.

"असं नाही जाऊबाई, कंद तुटंल," ती म्हणाली. कप ओट्यावर ठेवून तिनं पहार आणली आणि कण्हत खाली बसली. गुडघा खरोखरच दुखत होता.

आईला गप्प बसवेना. "तवा तू मागून न्यायचा. चोरायचा कशाला?"

काकूची पहार थांबली नाही. "मागितला होता. तीनदा. तुम्ही म्हणालात, आमची केळ अस्सल हाय, तुझ्या हाताला लागायची नाय."

आई नाही म्हणेल असं मला वाटलं.

"आठवतंय मला," ती म्हणाली.

वीस वर्षांच्या सांगण्यात हा भाग कधीच आला नव्हता. आणि घरच्या सुनेला मुनवा चोरावा का लागला, हे मीही कधी विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली. चहा निवून गेला तरी आम्ही तिघी तिथेच बसून होतो.

काकूनं दोन मुनवे दिले. जुन्या मातीत रोग टिकून राहतो, म्हणून घरी आल्यावर मी फाटकापाशी दोन मोठ्या ड्रममध्ये नवी माती भरून ते लावले. आई पाणी घालत होती, तेव्हा शेजारच्या काकी थांबल्या.

"अरे वा, सायखेड्याची वेलची परत आणली?"

"नाय," आई म्हणाली. "माझ्या जावेची हाय. तिनं दिली."