सव्वाचारला बंद पडणारा कॉम्प्युटर

मागच्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी आमचा कॉम्प्युटर बंद पडला नाही… आणि मी हेडफोन काढून छताकडे बघत बसले.

थोडं आधीपासून सांगते. आम्ही नाशिक रोडला एका जुन्या तीन मजली बिल्डिंगमध्ये राहतो, दुसऱ्या मजल्यावर. मी सकाळच्या शाळेत शिकवते, नवरा सातपूरला कंपनीत, मुलगा शिकायला पुण्यात. जाताना तो आपला गेमिंगचा कॉम्प्युटर घरीच ठेवून गेला… आणि हसू नका, पण मला त्यावरच्या ट्रक चालवायच्या गेमचं वेड लागलं. दुपारी तीन ते पाच, हेडफोन लावून, मी आणि माझा ट्रक.

दिवाळीनंतर कॉम्प्युटर मध्येच बंद पडायला लागला. स्क्रीन काळी, आतले पंखे गप्प, जसं कुणी शेजारी उभं राहून बटण बंद केलंय.

मुलाने फोनवरून एकेक गोष्ट करायला लावली. धूळ काढली, ड्रायव्हर नवे टाकले, रॅम काढून पुसून परत बसवली. टेम्परेचर नॉर्मल होतं. मग त्याच्या सांगण्यावरून पॉवर सप्लायही बदलला… दोन दिवसांनी पुन्हा तेच.

शेवटी रिक्षात घालून दुकानात नेला. त्यांनी दिवसभर गेम चालू ठेवला, एकदाही बंद पडला नाही. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मशीन ठणठणीत आहे. तुमच्या घरात काय आहे ते बघा." तो विजेबद्दलच बोलत होता, पण घरी येईपर्यंत ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

मग मी वेळा लिहून ठेवायला लागले. सव्वाचार. सव्वाचार. चार सतरा. सव्वाचार. रविवारी मात्र काहीच नाही… आणि दरवेळी त्याच क्षणी डोक्यावरचा पंखा किंचित मंदावायचा.

इलेक्ट्रिशियनने वायरिंग पाहिलं. वरचा फ्लॅट आणि आमचा, दोन्हींची लाइन जुनी आणि एकत्रच होती. वर कुणी मोठा लोड टाकला की आमच्याकडे व्होल्टेज पडतं, आणि गेम चालू असताना कॉम्प्युटरला ते सोसत नाही, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, "पण वर दुपारी कुणीच नसतं."

वर सागर नावाचा तिशीतला मुलगा भाड्याने राहतो. सकाळी आठला कुलूप लावून बाइकवर जातो, सातला येतो. एकटाच राहतो, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी खाली मीटरपाशी जाऊन उभी राहिले. त्याच्या मीटरचा लाल दिवा अधूनमधून लुकलुकत होता. सव्वाचार झाले… आणि तो भराभर लुकलुकायला लागला.

मी जिने चढून वर गेले. दाराला बाहेरून कुलूप. आणि दाराच्या फटीतून आलं घातलेल्या चहाचा वास.

बेल वाजवायचा धीर झाला नाही. खाली आले, दार लावून घेतलं. संध्याकाळी नवरा म्हणाला, "अगं, टायमर लावून ठेवलं असेल काहीतरी." मी म्हटलं, "टायमर चहात आलं घालतो का?" सागरला विचारू, विचारू म्हणता चार दिवस गेले…

आणि मग तो मंगळवार. साडेचार झाले, पावणेपाच झाले, माझा ट्रक चालतोच आहे. आनंद व्हायला हवा होता. मी हेडफोन काढले. घर अगदी शांत… आणि मग छतातून, टक. बराच वेळ काही नाही. पुन्हा टक.

तळमजल्यावरच्या शिंदेकाकांना हाक मारली, आम्ही दोघं वर गेलो. "आत कोणी आहे का?" मी विचारलं. आतून एका म्हाताऱ्या बाईचा अगदी बारीक आवाज आला, "पडले मी… दार उघडा ना." काकांनी हातोडीने कुलूप तोडलं.

स्वयंपाकघरात एक आजी जमिनीवर पडल्या होत्या, पाय विचित्र वळलेला. हातातली वाटी फरशीवर आपटत होत्या. ओट्यावर विजेची शेगडी, तिच्यावर पाण्याचं पातेलं, थंडगार. मी जवळ बसले तर म्हणाल्या, "पोरगं यायचं शाळंतून. चहा ठिवायचा राह्यला."

हॉस्पिटलमध्ये सागर कंपनीच्या कपड्यांतच धावत आला. मी रागाने भरून बसले होते, पण त्याचा चेहरा पाहून आधी त्याला पाणी दिलं. आई नांदगावला एकटी होती, विसरायला लागली म्हणून त्याने इथे आणली. दोनदा घराबाहेर पडली, दुसऱ्यांदा रेल्वेच्या रुळांवर सापडली. "गॅस काढून टाकला, कुलूप लावायला लागलो. कुणाला काय सांगू, तेच कळत नव्हतं, ताई." मग खाली बघत म्हणाला, "मी शाळेतून सव्वाचारला यायचो."

खुब्याचं ऑपरेशन झालं, आजी घरी आल्या. आता सकाळी एक बाई असते, दुपारी शाळा सुटली की मी वर जाते.

तीन आठवडे मी त्या कॉम्प्युटरचा एकेक स्क्रू तपासला… आणि डोक्यावर एक माणूस राहतंय, हे मला माहीतही नव्हतं. कुलूप त्याने लावलं होतं खरं, पण बाहेरून जाता-येता ते आम्ही सगळेच बघत होतो.

आजींना मी लक्षात राहत नाही. रोज दारात थांबवून विचारतात, "कोन गं तू?"

मी रोज सांगते, "खालची."