वाहाकाच्या वाटेवरचा कौल

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. देवाधर्माचं सगळं करते, पण माझ्या भक्तीत भीतीच जास्त होती, हे मला बरीच वर्षं कळत होतं आणि वळत नव्हतं. लायडन या डच शहरात येऊन आता इतकी वर्षं झाली की इथल्या वाऱ्यापावसाची, सायकलवरून पडण्याची, म्युनिसिपालिटीच्या पत्रांची भीती गेली. मुलीबद्दलची मात्र गेली नाही. सानिका माझी एकुलती एक. लहानपणी तिचा एक कान सारखा वाहायचा. ऑपरेशन झालं, पण त्या कानाने तिला जवळजवळ ऐकूच येत नाही. सगळी भिस्त दुसऱ्या कानावर. तेव्हापासून तिला साधी शिंक आली तरी मी कानाची चौकशी सुरू करते. ती हसते, तिचा बाबा अजय हसतो, आणि मी देवीपुढे जाऊन उभी राहते.

या उन्हाळ्यात ती मेक्सिकोला होती. मास्ट्रिख्टला शिकते, आणि अभ्यासाचा भाग म्हणून डोंगरातल्या गावांच्या पिण्याच्या पाण्यावर काम करायला तिची निवड झाली होती. आधी काही दिवस मेक्सिको सिटीत, मग तिथून वाहाका नावाच्या शहरात. दोन्ही शहरं उंचावरची, मध्ये डोंगरच डोंगर. वाहाकाहून तिच्या गटाची गाडी एका ठरलेल्या सकाळी आतल्या गावांकडे निघणार होती. ती चुकली असती तर सगळी खेपच फुकट गेली असती. आणि नेमकी दोन दिवस आधी तिला सर्दी झाली, ताप आला, आणि जो एकमेव धड कान होता तो दुखायला लागला.

तिचा फोन आला तेव्हा आमच्याकडे पहाट होती आणि तिच्याकडे रात्र. एरवी सानिका मला काही विचारत नाही. कॉलेज कुठलं, खोली कुठली, केस किती कापायचे, सगळं ठरवून झाल्यावर मला कळतं. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत नाहीतर डचमध्ये उत्तरं देते, आणि आमचं छान चालतं. त्या पहाटे तिचा आवाज बारीक झाला होता. ती म्हणाली, "आई, उद्या सकाळी वाहाकाला निघायचंय. बस ऑर प्लेन? इक वेट हेट नीट." मला ठाऊक नाही, असं सानिकाच्या तोंडून मी क्वचितच ऐकलं असेल. तिथल्या डॉक्टरने सांगितलं होतं की कान असा भरलेला असताना विमान उतरताना पडद्यावर ताण येऊ शकतो, शक्यतो टाळ. बसने जावं तर सहा-सात तासांचा घाट, त्यात पावसाळा सुरू झालेला, दरडी कोसळत होत्या, आणि बस अडवून लुटल्याच्या बातम्याही तिने आणि मी दोघींनी वाचल्या होत्या. आणि वाहाकापर्यंत ती एकटीच जाणार होती. "यू चूज," ती म्हणाली, "मी दमलेय." शेवटचे दोन शब्द मराठीत होते. तेच मला जास्त लागले.

मी अजयला उठवलं. त्याने डोळे चोळत सांगितलं की विमानच सुरक्षित असतं, जगात कुठेही विचार. मी म्हटलं, आणि कान? तो म्हणाला, मग बस. मी म्हटलं, आणि दरड? त्यावर तो म्हणाला की तू काही ठरवूच देणार नाहीस, आणि आंघोळीला गेला. त्याला ऑफिससाठी आर्नहेमची गाडी गाठायची होती. इथल्या आमच्या डॉक्टरांना विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांच्याकडे सगळ्या दुखण्यांवर पॅरासिटामोल, आणि दोन आठवड्यांनी परत फोन करा. सानिका उत्तराची वाट बघत जागी होती. बस सांगितली आणि काही झालं तर मी पाठवलं म्हणून झालं, विमान सांगितलं आणि कान गेला तरी मीच. आपलं एक वाक्य आणि लेकीचा जीव, यांच्यामध्ये कोणीच नाही, असं वाटून गेलं.

अजय गेल्यावर मी आंघोळ केली आणि देवीला कौल लावायचा ठरवला. माझं सासर सिंधुदुर्गातलं. गावात कुठलंही मोठं काम कौल घेतल्याशिवाय होत नाही. लग्न, घराचा पाया, मुलाला मुंबईला पाठवणं, सगळं देवीला विचारून. ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी माहेरची पुण्याची, आमच्याकडे असलं काही नव्हतं. लग्नानंतर मोठ्या जाऊबाईंना हे करताना दोनचारदा पाहिलं होतं, तेवढंच माझं ज्ञान. इथे हॉलमधल्या कपाटाचा एक कप्पा म्हणजे आमचं देवघर, त्यात सासूबाईंनी दिलेली चार बोटं उंचीची पितळी देवी. बाल्कनीतल्या कुंडीत लाल जिरेनियम फुललं होतं. दोन पाकळ्या तोडल्या, पाण्यात बुडवल्या, देवीच्या खांद्यांवर ठेवल्या. हात जोडून विचारलं, "मुलीला बसने पाठवू का?" बराच वेळ काही झालं नाही. फ्रिजचा आवाज येत होता, खाली कुणीतरी सायकलचं कुलूप काढत होतं. मग उजवीकडची पाकळी हळूच घसरली आणि ताम्हनात पडली. माझा जीव भांड्यात पडला. मी लगेच सानिकाला कळवलं, बसने जा. तिने एक हृदय पाठवलं आणि तिकीट काढलं.

दिवसभर मी घरूनच ऑफिसचं काम केलं. मीटिंगमध्ये बोललेसुद्धा. दुपारी सानिकाचा निरोप आला की बसमध्ये बसलेय, खिडकीची जागा मिळाली. मी चहा केला आणि आनंदाने जाऊबाईंना फोन लावला. मला वाटलं, त्या खूश होतील, पुण्याच्या जावेने एकदाचं सासरचं काही केलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कौतुकही केलं. मग सहज विचारलं, "उजवी खंयची गो? देवीची उजवी मा?" मी म्हटलं, उजवी म्हणजे उजवी, माझ्या उजव्या हाताची. मग त्या म्हणाल्या, "तुझी न्हय. देवीची उजवी बघूची. ती तुझ्यासमोर बसलीहा."

मी फोन हातात घेऊन कपाटापुढे गेले. देवी माझ्याकडे तोंड करून बसली होती. माझ्या उजवीकडे तिचा डावा खांदा होता. एवढी साधी गोष्ट. जाऊबाई करायच्या तेव्हा मी नेहमी बाजूला उभी असायचे, समोर कधीच नाही. म्हणजे देवीने नको म्हटलं होतं. मी विचारलं, तिने नको म्हणून सांगितलं, आणि मी होय ऐकून पोरीला घाटात पाठवून दिलं.

त्यानंतरचे तास कसे गेले ते नीट सांगता येणार नाही. सानिकाला फोन लागेना. निरोप पाठवले, पोचले नाहीत. बस थांबव, उतर, परत फीर, असं काहीही मी लिहीत होते, जसं काही घाटाच्या मध्ये उतरून जाण्याजोगी जागा असते. मग फोनवरच तिथल्या बातम्या शोधायला लागले. भाषा कळत नव्हती, पण चित्रं कळत होती. डोंगराचा एक तुकडा रस्त्यावर आलेला, पुढे गाड्यांची रांग. तो तोच रस्ता होता का, आजचंच चित्र होतं का, मला कळायला मार्ग नव्हता. मी जमिनीवरच बसले. कानाचं दुखणं, ताप, दरड, लुटारू, सगळं एकाच वेळी डोळ्यांसमोर येत होतं, आणि प्रत्येक चित्रात ती मला हाक मारत होती. बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या कालव्यात मुलं पोहत होती. जूनमध्ये इथे रात्र होतच नाही म्हणायचं, आणि त्या दिवशी मला तो उजेड सोसवत नव्हता.

जाऊबाईंना पुन्हा फोन केला आणि रडत विचारलं, आता परत कौल लावू का, ती सुखरूप आहे का एवढंच विचारते. त्या एरवी कडक बोलतात. त्या वेळी अगदी हळू बोलल्या. "एकदा विचारल्यार परत परत विचारू नये. तिका त्रास होता. तू आता विचारू नको, नुसती बस तिच्याकडे. चेडू तिचाच आसा." लेक देवीचीच आहे, म्हणत होत्या त्या.

तरी मी पाकळ्या तोडल्याच. बुडवल्या, हात मूर्तीपर्यंत नेला. आणि तिथे माझा हात थांबला. डावी पडली असती तर मी काय करणार होते? उजवी पडली असती तरी माझा विश्वास बसणार होता का? मी नीट बघितलं की नाही, पाणी जास्त झालं का, वारा आला का, हेच करत बसले असते. मला देवीचं उत्तर नकोच होतं. मला भीतीतून सुटका हवी होती, आणि ती मी आयुष्यभर उत्तरांमध्ये शोधत आले होते. मी पाकळ्या तिच्या पायाशी ठेवल्या आणि मोठ्याने बोलले. घरात कोणी नव्हतं म्हणूनच बोलू शकले. "मला वाचता आलं नाही गं. चूक झाली. ती तुझी आहे. बसमध्ये असो, दरडीखाली असो, तुझीच आहे. आता तू बघ." दरडीखाली हा शब्द तोंडातून गेला, पण मी तो परत घेतला नाही. भीती गेली नाही. एवढंच झालं की तिला धरून बसायची माझ्यात ताकद उरली नाही.

मग उठले आणि भाताचा कुकर लावला, कारण अजय यायची वेळ झाली होती. तो दार उघडून आत आला, माझा चेहरा बघून बॅग तिथेच टाकली. मी त्याला सांगत असतानाच कुकरची शिट्टी झाली आणि फोन वाजला. अनोळखी नंबरवरून निरोप होता, स्पॅनिशमध्ये. फोनने मोडकंतोडकं मराठी करून दिलं. अजयने वाचून दाखवलं, माझ्याने वाचवेना. "बाई, मी बसमध्ये तुमच्या मुलीच्या शेजारी आहे. डोंगर रस्त्यावर आला, आमच्या पुढे. आम्ही सगळे चांगले. वर चढताना मुलीचा कान फार दुखला. मी चिंच दिली, चोखत राहा सांगितलं, गिळत राहा. आता उतरलं दुखणं. माझ्या खांद्यावर झोपली आहे. तिच्या फोनला रेंज नाही, माझ्याला आहे. तिने तुमचा नंबर तोंडपाठ सांगितला. मी पण आई आहे. तुम्ही जेवा."

चिंच या शब्दाशी मला रडू फुटलं. का ते विचारू नका. अजयही डोळे पुसत होता आणि पुसत नसल्यासारखं करत होता. आम्ही दोघं जेवलो. कुणी परकी बाई पृथ्वीच्या त्या टोकाहून जेवा म्हणाली, तर न जेवून कसं चालेल? त्या रात्री मला झोप लागली, याचं मला आजही नवल वाटतं.

सकाळी सानिकाचा निरोप आलेला होता. रस्ता मोकळा झाला होता, ती उशिरा पण नीट पोचली होती. त्या बाईने तिला स्टँडवरून थेट दवाखान्यात नेलं, तिथे कान तपासून औषध दिलं, पडदा शाबूत होता. मग ती बाई आपल्या लेकीकडे निघून गेली. सानिकाने नाव विचारलं होतं, पण त्या गडबडीत दुखऱ्या कानाने नीट ऐकू आलं नाही, आणि पुन्हा विचारायचं राहिलं. मी त्या नंबरवर आभार लिहिले. उत्तरादाखल तिने जोडलेले हात पाठवले, बाकी काही नाही.

अजयने नंतर शोधून सांगितलं की त्या दिवशीची विमानं वेळेवर गेली होती, वेळेवर उतरली होती. त्याने ते मला हिणवायला सांगितलं नाही, खरं ते खरं म्हणून सांगितलं. म्हणजे विमानाने ती अर्ध्या दिवसात पोचली असती. कान टिकला असता की नसता, ते कोणी सांगू शकत नाही. देवीने नको म्हटलं ते बरोबर होतं, वाटेत दरड कोसळलीच. आणि नको असलेल्या त्या वाटेवर तिने माझ्या लेकीशेजारी कुणाला तरी आधीच बसवून ठेवलं होतं. मला यातलं गणित येत नाही. जाऊबाईंना विचारलं तर म्हणाल्या, गणित तुका कोणी घातलाहा? एवढं मात्र कळलं की माझी चूकही तिच्या हाताबाहेर नव्हती. मी आजवर समजत होते की आपण सगळं बिनचूक केलं तरच देव सांभाळतो, म्हणून तर सगळी भीती होती. त्या दिवशी मी चुकले, आणि तरी सांभाळलं गेलं. त्यासाठी तिच्यापुढे डोकं टेकवताना मला पहिल्यांदा घाई नव्हती.

काम संपवून सानिका पुन्हा मेक्सिको सिटीला परतायला निघाली, तेव्हा तिचा फोन आला. कान बरा होता, आवाज नेहमीसारखा भरदार होता, इंग्रजी सुसाट चाललं होतं. उद्या निघतेय, म्हणाली. मी म्हटलं, बरं. मग ती मराठीत म्हणाली, "आई, बस की विमान, विचारणार नाहीस?"

छातीत धडधडत होतंच. मी म्हटलं, "नाही गं. तू ये."