बोगद्याआधीचं फावडं

एंजिनाच्या भट्टीत कोळसा घालणाऱ्याला आमच्याकडे आगवाला म्हणायचे. मी काही वर्षं आगवाला होतो, आणि त्यातलं पहिलं वर्ष सगळं भिण्यात गेलं.

घर घाटावर, कल्याणपासून फार लांब. मराठी तिसरीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली. पुढं मोठा झाल्यावर एका गाववाल्याच्या ओळखीनं कल्याणच्या शेडात कोळशाच्या ढिगावर टोपल्या भरायला लागलो. तिथून मला मिस्त्रींनी उचललं. मिस्त्री म्हणजे डायवर. कल्याणचेच, खाडीकडच्या आळीत राहणारे, पन्नाशी उलटलेले, अंगानं काटक, तोंडात कायम पान. त्यांचा आगवाला तापानं गावी गेलेला. ते ढिगापाशी आले, खडूनं एका फळीवर आकडा काढला आणि विचारलं, हा किती? मी सांगितला. म्हणाले, चल वर, वाफेचा काटा वाचता येईल तुला.

तिसरीपर्यंतची शाळा अशी कामी आली. पण उपकार मोठा असला की माणूस मोकळा राहत नाही. मला रोज सकाळी वाटायचं, आज काटा पडणार, गाडी अडणार, आणि मिस्त्रींच्या मनात येणार की कुठून या ध्यानाला वर घेतलं. घरी आईला लिहून धाडलेलं की मी आता एंजिनावर आहे. पत्र ज्यानं वाचून दाखवलं त्यानं साऱ्या गावाला सांगितलेलं. परत टोपल्या भरायला लागलो तर कुठल्या तोंडानं गावी जाणार होतो?

आमचं एंजिन धड मालाचं नव्हतं, धड माणसांचं नव्हतं. दोन्हीला चालेल म्हणून विलायतेहून मागवलेलं. पुढं माणसांचे चार डबे, मागं मिठाच्या, गवताच्या, कधी लाकडाच्या वाघिणी. कल्याणहून ठाण्याला जायचं आणि परत यायचं. या एंजिनानं मैलाला किती कोळसा खावा याचं माप शेडात एका कागदावर लिहून टांगलेलं. तो कागद मी बरेचदा उभा राहून वाचलाय. त्या कागदात दिवा स्टेशनाकडचा समोरून येणारा वारा नव्हता. डोंबिवलीला तेव्हा स्टेशन नुकतंच झालेलं; तिथं थांबून एवढी गाडी पुन्हा जागची हलवायची, ते त्यात नव्हतं. ओलं मीठ नव्हतं. आणि कोळसा विलायतेचा धरलेला असावा. आमच्या वाट्याला यायचा त्यात निम्मा चुरा आणि वर दगड.

तरी तीच कारणं बाकीच्या एंजिनांनाही होती, आणि शेडात सगळ्यात जास्त खायचं ते आमचंच.

माझी मुख्य भीती बोगद्याची. मुंब्र्याच्या डोंगराला बोगदा आहे. मी ढिगावर होतो तेव्हा तिथल्या माणसांनी सांगितलेलं, की वर घाटात कुठंतरी एकदा वाफ संपून गाडी बोगद्यातच अडली आणि एंजिनावरची दोघं धुरानं गुदमरली. खरं खोटं देव जाणे. मुंब्र्याचा बोगदा केवढासा. मिस्त्री म्हणायचे, एंजिनानं इकडून डोकं घातलं की तिकडून उजेड दिसतोच. पण दिवा स्टेशन मागं पडलं की मी घाईघाईनं फावडी मारायला लागायचो. एक, दोन, पाच, सहा. भट्टी गच्च भरली की जिवाला बरं वाटायचं. बोगद्यात शिरलो की नाकातोंडात धूर, डोळ्यांत पाणी, काही दिसायचं नाही. मी मनात रामराम म्हणत कठडा धरून उभा. बाहेर आलो की वाटायचं, बरं झालं भरपूर कोळसा घातला, नाहीतर आज मेलोच होतो. आणि ठाण्याला गाडी उभी राहिली की जास्तीची वाफ माथ्यावरच्या झडपेतून किंचाळत वर जायची. तो आवाज मला फार आवडायचा. त्याचा अर्थ, वाफ कमी नाही.

याशिवाय एक गोष्ट मी लपवून करत होतो.

दिव्याच्या अलीकडे मिठागरांच्या कडेला एक फाटक होतं. तिथं सिग्नलसाठी गाडी बरेचदा हळू व्हायची, कधी उभी राहायची. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात त्या फाटकापाशी मला भोवळ आली. फाटकवाल्याची बायको तांब्या घेऊन धावत आली. आगरी बाई, चाळिशीची, आवाज खणखणीत. म्हणाली, "पी रं. खारा नाय, गोडा हाय." मी तांब्या रिकामा केला. निम्मं डोक्यावर ओतून घेतलं. तिथं गोडं पाणी मिळत नाही, ती ते रोज किती लांबून डोक्यावर आणते, हे मला पुढं महिन्याभरानं कळलं. तेव्हा मला जी लाज वाटली ती सांगता येत नाही. तिच्या चुलीत खाडीतलं तिवराचं ओलं लाकूड असायचं. झोपडीतून पिवळा धूर निघायचा आणि तिचे डोळे सदा लाल. म्हणून एकदा तिथून जाताना मी कोळशाचं एक ढेकूळ खाली टाकलं. मग रोज एक. मग जाताना एक, येताना एक. मिस्त्री त्यांच्या बाजूनं पुढं बघत असायचे. मला वाटायचं त्यांना ठाऊक नाही.

एके दिवशी फोरमन साहेबानं मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री परत आले ते पान न खाता बसून राहिले. येत्या सोमवारी साहेब स्वतः आमच्या एंजिनावर उभा राहून ठाण्याला येणार होता. निघताना कोळसा मोजून भरायचा, आल्यावर उरलेला मोजायचा. कागदाच्या मापाच्या वर गेलं तर मिस्त्री गाडीवरून उतरून यार्डात वाघिणी ढकलायला, आणि मी परत ढिगावर. तीस वर्षं खालपासून चढत चढत मिस्त्री गाडीवर आलेले. यार्डात एंजिन पुढंमागं करत राहण्यापेक्षा मी घरी बसेन, एवढंच ते म्हणाले.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं ती ढेकळं. उपकार करणाऱ्या बाईला देण्यासाठी मी उपकार करणाऱ्या माणसाचं खात होतो. दुसऱ्या दिवशी शेडात एंजिन पुसताना मी हात जोडून सगळं सांगितलं. म्हटलं, साहेबाला माझं नाव सांगा, चोरी माझी आहे.

मिस्त्री पुसत राहिले. मग म्हणाले, "त्या दोन ढेकळांनी एंजिन पाव मैल जात नाही. तू धुराड्यातून किती टाकतोस ते मोजलंयस कधी?"

मला कळेना. त्यांनी मला खाली उतरवलं. शेजारच्या रुळावर एक एंजिन पेटवत होते. धुराड्यातून काळाकुट्ट धूर निघत होता. मिस्त्री म्हणाले, तो धूर नाही, तो न जळलेला कोळसा आहे. गच्च भरलेली भट्टी गुदमरते, अर्धा कोळसा वर निघून जातो. आणि ठाण्याला जी वाफ किंचाळते ती फुकट गेलेली वाफ, तीही कोळशाचीच. "तू भितोस आणि भट्टीला खायला घालतोस. तिला भूक नसते." मग म्हणाले, माझाही हात जड आहे, मी झटका देऊन गाडी काढतो, लोकांनी बघावं म्हणून. तेही बंद करू.

हातात चार दिवस होते. त्या चार दिवसांत त्यांनी मला शिकवलं ते असं. कोळसा मुठीएवढा फोडून घ्यायचा. एका वेळी एकच फावडं, भट्टीच्या कोपऱ्यांत पातळ पसरून. दार लगेच बंद, नाहीतर गार वारा आत जातो. मग तारेचे खांब मोजायचे आणि धुराड्याकडे बघायचं. धूर राखाडी होऊन विरळ झाला की पुढचं फावडं, त्याआधी नाही. मिस्त्री स्वतः डोंबिवलीच्या बरेच अलीकडे, एका वाकड्या ताडापाशी वाफ बंद करायचे आणि गाडी आपल्या ओझ्यानं घरंगळत स्टेशनात जायची. आधी ते स्टेशनाच्या तोंडाशी बंद करायचे आणि ब्रेक कचकचून लावायचे. ब्रेकखाली काय जळतं, त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, लाकडी ठोकळे. म्हणाले, कोळसा जळतो, बाबा.

सगळं जमलं, बोगदा जमेना. दिवा मागं पडला की माझा हात आपोआप फावड्याकडे जायचा. खांब मोजायचं विसरून जायचो. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी फावड्यावर पाय ठेवला आणि मुंब्रा मागं पडेपर्यंत काढलाच नाही. मी त्यांचा पाय बघत, डोळे मिटून, बोगद्यातून गेलो. ते मला भित्रा ससा म्हणाले, त्यांच्या घरी जेवायला नेलं तेव्हा बायकोसमोरही म्हणाले. ती माउली म्हणाली, ससा असू दे, कानात वारं भरलेला बैल तर नाही ना, तुमच्यासारखा.

सोमवारी साहेब आला. उंच, लालबुंद, हातात वही. तो माझ्या मागेच उभा राहिला. आता मिस्त्री फावड्यावर पाय ठेवू शकत नव्हते. दुपारची वेळ, वारा खाडीवरून सरळ तोंडावर, आणि मागं नेमक्या मिठाच्या वाघिणी जास्त. डोंबिवलीपर्यंत ठीक. मिस्त्रींनी हळू गाडी काढली, ताडापाशी वाफ बंद केली, साहेबानं काहीतरी लिहिलं.

फाटकापाशी गाडी हळू झाली. बाई नेहमीसारखी रुळाकडेला उभी, हातात टोपली. तिनं वर पाहिलं, साहेबाची टोपी दिसली, आणि तिनं टोपली उलटी करून, ऊन लागू नये म्हणून धरावी तशी डोक्यावर धरली. मी तिच्याकडे न बघता काट्याकडे बघत राहिलो. एवढं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

दिवा गेला. काटा उतरायला लागला. एक खूण, मग दोन. वारा इतका की बोललेलं जेमतेम ऐकू यायचं. समोर डोंगर दिसायला लागला आणि त्यात ते काळं भोक. माझा हात फावड्यावर गेला, फावडं कोळशात गेलं, भरलं. मिस्त्री पुढं बघत होते. मान न वळवता, फक्त मला ऐकू येईल एवढं म्हणाले, "थांब."

मी भरलेलं फावडं धरून थांबलो. खांब मोजायला लागलो. एक. दोन. तीन. काटा आणखी खाली. मला आई दिसली, ते पत्र वाचणारा दिसला, ढिगावरची माणसं दिसली. सात. आठ. आणि आम्ही आत शिरलो.

आणि मला दिसत होतं. तोच बोगदा, पण धूर नावापुरता. भिंतीवरचं ओघळणारं पाणी दिसलं, मिस्त्रींचा कान दिसला, माझ्या हातातलं फावडं दिसलं. मी सरळ श्वास घेत होतो. वर्षभर ज्या धुराच्या भीतीनं मी भट्टी भरत होतो, तो धूर मीच करत होतो. बाहेर आलो तसा काटा थांबला, मग हळूहळू चढायला लागला. मी फावडं भट्टीत रिकामं केलं, कोपऱ्यात, पातळ. ठाण्याला गाडी उभी राहिली तेव्हा माथ्यावरची वाफ गप्प होती. साहेब एकदा वर बघून खाली उतरला.

परतीला तो कोळशाच्या धुळीला कंटाळून पहिल्या वर्गात जाऊन बसला. वारा आता पाठीशी होता. मी मोजत होतो, पसरत होतो, दार लावत होतो. अजून उरलेल्या कोळशाची मोजणी व्हायची होती. फाटक आलं. बाई यावेळी उभी नव्हती, झोपडीच्या दारात बसलेली, पुढ्यात चूल. मिस्त्रींनी गाडी हळू केली, मागं वळले, आणि पायानं एक मोठं ढेकूळ कडेपर्यंत सरकवून खाली ढकललं.

मी म्हटलं, मिस्त्री, अजून मोजायचंय.

"वाऱ्यानं पडलं," ते म्हणाले आणि पान तोंडात टाकलं. साहेबानं बोलावल्यापासूनचं पहिलं.

कल्याणपर्यंत माझ्या डोक्यात ते एकच ढेकूळ. शेडात माझ्याच जुन्या सोबत्यांनी उरलेला कोळसा टोपल्यांनी उतरवला. साहेब वही घेऊन उभा. शेवटच्या टोपल्या निघत होत्या तेव्हा मी बघू शकलो नाही. एंजिनाच्या पलीकडे जाऊन चाक धरून उभा राहिलो. मग ढिगावरच्या एकानं येऊन सांगितलं, मापाच्या आत आहे, अर्धी टोपली जास्तच उरली. मिस्त्री गाडीवर राहिले. साहेबानं मला काही विचारलं नाही. त्याच्या लेखी मी तिथं नव्हतोच.

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी सिग्नल पडलेला नव्हता, गाडी उभी राहिली. बाई तांब्या घेऊन आली. म्हणाली, काल जाताना काय नाय, येताना येकच, आन तो बी म्हाताऱ्यानं लाथंनं दिला. मी पाणी प्यालो, या खेपेला थेंबही डोक्यावर न ओतता.

"भ्यालेलास व्हय?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. मग मुठीएवढं फोडलेल्यातलं एक तिच्या टोपलीत हातानं ठेवलं, आणि सांगितलं, चूल गच्च भरू नको मावशी, थोडं थोडं घाल.

ती हसली. म्हणाली, ता मना शिकवतस?