त्यो सदरा आमचाच व्हता

पडद्यावर माझा आज्जा उघडा उभा होता.

आठ-नऊ वर्षांचा पोरगा. कमरेला लंगोटी, केसांत माती, छातीच्या फासळ्या वर आलेल्या. शाळेचा हॉल गच्च भरलेला आणि समोरच्या भिंतीवर एवढा मोठा आज्जा. खाली इंग्रजीत एकच शब्द होता, 'आधी'. पाहुण्यांनी हातातलं बटण दाबलं. दुसरा फोटो आला. तोच पोरगा, अंगात सदरा, केस विंचरलेले, हातात पुस्तक. खाली लिहिलेलं, 'नंतर'.

पाहुणे परदेशातले, शाळा काढणाऱ्या मिशनचे. म्हातारा माणूस, मवाळ बोलणारा. त्यांनी इंग्रजीत एक वाक्य म्हटलं आणि माझ्याकडं बघितलं. दुसरा माईक माझ्या हातात होता. मी दुभाषी.

"ह्या दोन फोटोंच्या मधे जे घडलं, त्याला आम्ही सभ्यता म्हणतो." मराठीत मीच सांगितलं. माझ्या तोंडानं, माझ्या आज्ज्याबद्दल. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आई चौथ्या रांगेत बसली होती. तिच्या बापाचा फोटो होता तो. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

आमची शाळा पलूसकडची. गोऱ्या मिशनरी लोकांनी काढलेली, आता गावातली संस्था चालवते. चेअरमन ऊसवाले बागायतदार. मी तिथं नऊ वर्षं इंग्रजी शिकवत होते आणि नऊ वर्षं हंगामी होते. दर जूनला नवी ऑर्डर, दर एप्रिलला घरी. त्या वर्षी कायम करायची फाईल एकदाची चेअरमनसाहेबांच्या टेबलावर पोचली होती. मुख्याध्यापकांनी मला आदल्या दिवशी बोलावून सांगितलं, "बाई, सोमवारी तुमच्या फाईलवर सही आहे. उद्याचा कार्यक्रम नीट पार पाडा. काही कमीजास्त शब्द आला तर मऊ करून सांगा. तुम्हाला जमतं ते."

मला जमत होतं. तेच तर सांगायला बसलेय. बाहेरनं पाहुणा आला की दुभाषी म्हणून मला पुढं करायचे. एकदा एका बाईनं आमच्या वस्तीवर उभं राहून विचारलं होतं, "ही माणसं रोज अंघोळ करतात का?" मी मराठीत विचारलं, "पाण्याची सोय कशी हाय, असं विचारत्यात." वस्तीतल्या बायकांनी तिला कौतुकानं नळ दाखवला. दुसऱ्या एका वेळी चेअरमनसाहेब आमच्या लोकांकडं हात करून म्हणाले, "ह्यांना किती द्या, ही जात सुधारत नाही." मी इंग्रजीत सांगितलं, साहेबांना ह्या लोकांची फार काळजी वाटते. दोन्हीकडची माणसं खूश व्हायची. मला हुशार म्हणायची. मलाही ते गोड लागायचं, खोटं कशाला बोलू?

शाळेच्या शतकमहोत्सवाचा तो परिसंवाद. विषय होता 'ख्रिस्ती धर्म आणि पाश्चात्त्य संस्कृती'. एका बाजूला हे पाहुणे, दुसऱ्या बाजूला सांगलीचे एक निवृत्त प्राध्यापक, इतिहासाचे. मधे मी, उभी. खुर्ची दोघांनाच होती.

पाहुणे म्हणाले, रोमन लोक नको असलेली पोरं उकिरड्यावर टाकायचे. दुबळासुद्धा माणूस आहे हे जगाला ख्रिस्तानं शिकवलं. त्यातून दवाखाने आले, विद्यापीठं आली, समतेचा कायदा आला. हा उजेड जिथं पोचला नाही तिथं काय होतं, हे तुम्ही पहिल्या फोटोत पाहिलंत.

प्राध्यापक खाकरले. ते म्हणाले, "हे जंगलात फिरत होते तेव्हा आमच्याकडं विद्यापीठं होती. विश्व हे एक कुटुंब आहे, असं सांगणारी आमची संस्कृती. ह्यांनी एका हातात क्रूस घेतला, दुसऱ्या हातात तलवार. जहाजं भरभरून गुलाम विकले. ह्यांनी आम्हाला सभ्यता शिकवावी?"

मी इकडचं तिकडं करत होते. दोघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं होतं, म्हणून जास्त चीड येत होती. कोणाची संस्कृती मोठी ह्यावर दोघं भांडत होते आणि पुरावा म्हणून मधे उघडा उभा केलेला माझा आज्जा. त्याला कोणी काही विचारत नव्हतं. तो मेला होता, पण त्याची लेक चौथ्या रांगेत होती.

मग प्राध्यापक पडद्याकडं बोट करून म्हणाले, "आणि ह्या फोटोत सभ्यता वगैरे काही नाही. व्यवहार आहे. ही भोळी माणसं. एका सदऱ्यापायी बापजाद्यांचा धर्म विकला ह्यांनी."

हॉलमध्ये हशा झाला. चेअरमनसाहेबही हसले.

आई उठली. माझी आई ह्याच शाळेत शिपाई होती. संडास धुण्यापासून घंटा देण्यापर्यंत सगळं तिनं केलं आणि रिटायर झाली. त्या हॉलमध्ये तिनं आयुष्यभर झाडू मारला, तोंड कधी उघडलं नव्हतं. ती उभी राहिली, पदर नीट केला आणि म्हणाली, "आवं सायेब, त्यो सदरा आमचाच व्हता."

"मावशी, खाली बसा," चेअरमनसाहेब म्हणाले. रागावून नाही. कुत्र्याला हाड म्हणताना तरी माणूस थोडा रागावतो.

आई लगेच बसली.

पाहुण्यांनी माझ्याकडं वाकून विचारलं, त्या बाई काय म्हणाल्या? मुख्याध्यापक पहिल्या रांगेतनं मला डोळ्यांनी खुणावत होते. आणि मी, आईच्या पोटची पोरगी, एक क्षण न थांबता इंग्रजीत बोलले, "ती आभार मानते आहे."

पाहुण्यांचा चेहरा खुलला. ते खुर्चीतनं उठले आणि आईच्या दिशेनं त्यांनी हात जोडले. आईला इंग्रजी येत नाही. एवढा मोठा माणूस हात जोडतोय म्हणून तिनंही जोडले. पुन्हा टाळ्या.

टाळ्या थांबल्यावर आईनं बसल्या जागेवरनं मला विचारलं, "काय सांगितलंस गं त्यास्नी?"

आतापर्यंत हे दोघं माझ्या घराण्याची अब्रू काढत होते, मला त्यांचा राग येत होता. पण आईच्या तोंडचा शब्द काढून घेऊन तिथं आभार कोणी घातले? मी घातले. कशासाठी, तर सोमवारच्या सहीसाठी. माझीच मला शिसारी आली. मी त्या घडीला स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली असती.

मी माईक तोंडाजवळ घेतला. आधी इंग्रजीत बोलले. "मी खोटं सांगितलं. ती माझी आई आहे. ती आभार मानत नव्हती. ती म्हणाली, तो सदरा आमचाच होता." मग तेच मराठीत सांगितलं. शाळेत मी पुस्तकी बोलते, राग आला की माझी बोली आपोआप वस्तीवर जाते. तशीच गेली. "फोटोतला पोरगा माझा आज्जा हाय. दोगांनी बी लय सांगितलं त्येच्याबद्दल. आता आमी सांगतो."

हा फोटो आमच्या घरात कधी नव्हता. मिशनच्या जुन्या बंगल्यात दोन्ही शेजारी शेजारी टांगलेले असायचे. लहानपणी आज्ज्यानं मला खांद्यावर घेऊन खिडकीतनं दाखवले होते. गोष्टही सांगितली होती, हसत हसत, जशी काही दुसऱ्याचीच. माझे पणजोबा पलटणीत होते. त्यांच्या जुन्या खाकी कोटाचा पणजीनं पोराला सदरा शिवला. मिशनचा साहेब फोटो काढणार म्हणून आज्जा तो सदरा घालून, तेल लावून गेला. साहेब म्हणाला, सदरा काढ. आज्ज्याला वाटलं, धुवायला देत्यात. मग कोणीतरी त्याच्या केसांत माती घातली आणि पहिला फोटो काढला. केस धुतले, सदरा परत घालायला लावला, हातात पुस्तक दिलं आणि दुसरा काढला. फोटो झाल्यावर पुस्तक परत घेतलं.

हे सगळं मी दोन्ही भाषांत सांगितलं. पाहुणे म्हणाले, बाई, आमच्या नोंदीत दोन वर्षांचं अंतर लिहिलेलं आहे. कॉम्प्युटरचे सर पडद्यापाशी बसले होते. मी त्यांना म्हणाले, "सर, आधीचा फोटो लावा. आता नंतरचा. परत आधीचा. सगळ्यांनी पायाकडं बघा."

दोन्ही फोटोंत डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. तीच गाठ, तेच लोंबतं टोक. ठेच लागली होती म्हणून सकाळी पणजीनं बांधलेली. सदऱ्याच्या खिशाला पलटणीच्या कोटासारखं झाकण होतं, तेही मी दाखवलं.

पाहुण्यांनी उठून पडद्याजवळ जाऊन बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, मला हे माहीत नव्हतं. मी म्हणाले, "तुम्ही विचारलं नव्हतं." हेही मी मराठीत सांगितलं.

प्राध्यापक गप्प बसणारे नव्हते. "ठीक आहे. सदऱ्यासाठी नाही, मग कशासाठी गेला तुमचा आजा तिकडं?"

"बसायला," मी म्हणाले. "गावातल्या शाळेत त्याला पायरीखाली उन्हात बसवायचे. फळा दिसायचा न्हाई. मिशनच्या शाळेत आत बसवलं. त्या शाळेनं आत घेतलं, हे मी नाकारत न्हाई. त्यांच्याच दवाखान्यात माझी आई जन्मली, तेबी विसरले न्हाई. पण तुमच्या शाळेनं त्याला बाहेर बसवलं, हे तुमी नाकारू नका. धर्म विकला म्हणता. विकायला आमच्याकडं तुमी काय ठेवलं व्हतं? देवळात पाय ठेवू दिला न्हाई, विहिरीत घागर बुडवू दिली न्हाई."

मग मी पाहुण्यांकडं वळले. त्यांना इंग्रजीत सांगितलं की मिशनच्या बंगल्यात आज्जा म्हातारा होईस्तोवर मागच्या दारानं जात होता. सभ्यता पुढच्या दारानं यायची, आम्ही मागच्या.

"बास झालं," चेअरमनसाहेब उठले. "दुभाष्याचं काम दुसऱ्याचं बोलणं सांगायचं आहे. स्वतःचं नाही."

"आईचंच सांगितलं, साहेब," मी म्हणाले आणि माईक टेबलावर ठेवला.

घरी आल्यावर आईनं चहा ठेवला आणि माझ्याकडं पाठ करून विचारलं, "पयल्यांदा काय सांगितलं व्हतंस?"

मी सांगितलं. तू आभार मानतीयास, असं.

तिनं गॅस बंद केला. "जलमभर गप बसले. एकदा बोलले, तर तू त्येचं ह्ये केलंस," ती म्हणाली. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. नंतर मी हॉलमध्ये काय काय बोलले ते गावभर झालं, लोक घरी येऊन पाठ थोपटून गेले, तरी ती बोलली नाही. ती मार्क कशाला देईल? तिला माहीत होतं, पहिल्यांदा माझ्या तोंडातनं काय आलं ते.

तिसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "आई, मी चुकले. परत न्हाई." तिनं नुसतं "व्हय" म्हटलं. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

मुख्याध्यापकांनी बोलावलं. फाईल टेबलावर होती. शेजारी कोरा कागद. माणूस वाईट नाही, घाबरट आहे. "बाई, साहेब सही करायला तयार आहेत. फक्त चार ओळींचा माफीनामा. पाहुण्यांचा आणि प्राध्यापकांचा अवमान झाला, भावनेच्या भरात झाला, एवढंच. शब्द तुम्हीच निवडा. तुम्हाला मऊ लिहिता येतं."

हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लिही. नोकरी हाय. नऊ वर्सं घासलीस." मनापासनं म्हणाली. गरिबाची आई आणखी काय म्हणणार? मी रात्रभर तळमळत पडले, असं काही झालं नाही. मी जेवले आणि झोपले.

सकाळी मी तो कागद लिहून दिला. "मा. मुख्याध्यापक. कार्यक्रमात माझ्याकडून एक चूक झाली. माझ्या आईचं बोलणं मी पाहुण्यांना खोटं सांगितलं. त्याची माफी मी तिच्याकडे मागितली आहे. याखेरीज माझी चूक झालेली नाही. आपली, इंग्रजीची हंगामी शिक्षिका."

फाईलवर सही झाली नाही. जूनला ऑर्डर आली नाही. आता मी कुंडलला एका पत्र्याच्या खोलीत शिकवण्या घेते. सकाळी सहाला पोरं येतात, आठला दुसरी येतात. मार्चपर्यंत चालतं, पुढं बघायचं.

परवा मुख्याध्यापकांचा फोन आला होता. परत कोणी परदेशातले येणार आहेत, शिराळ्याकडं दोन गावं बघणार आहेत, आणि चांगलं इंग्रजी येणारं दुसरं कोणी मिळत नाही. मागचं विसरून याल का, म्हणाले.

मी म्हणाले, येईन. पण गोरा बोलू दे, चेअरमन बोलू दे, न्हाईतर वस्तीतली म्हातारी बोलू दे, ज्याच्या तोंडातनं जे येईल ते जसंच्या तसं पलीकडं जाईल. कोणाला लागलं तर लागू दे. मऊ पायजे असंल, तर दुसरा माणूस बघा.